आजाराची वही कुणी सांभाळायची?

कुमार गंधर्वांचं मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला हा मुलगा. घरची भाषा कन्नड. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे गाणं शिकला आणि ऐन तारुण्यात क्षयानं गाठल्यावर १९४८ मध्ये इंदूरजवळच्या देवासला जाऊन राहिला. माळव्याची कोरडी हवा मानवेल, असा सल्ला मिळाला होता. पाचेक वर्षं गाणं बंद राहिलं. पुढं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाताशी आलं आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले. उरलेलं आयुष्य देवासलाच गेलं. १२ जानेवारी १९९२ रोजी ते तिथंच गेले.

ही हकीकत आपल्याकडच्या घराघरांत ठाऊक आहे. आज ती वेगळ्या कारणासाठी सांगते आहे. त्यांचं आडनाव कुठं कोमकाळी, कुठं कोमकली, तर कुठं कोमकलीमठ असं छापलेलं सापडतं. नाव कुठं शिवपुत्र, कुठं शिवपुत्रा. कलावंताच्या बाबतीत असं चालून जातं, कारण सगळे त्यांना कुमार म्हणूनच ओळखतात. पण असाच एखादा रुग्ण आज बेळगावहून मुंबईला आणि मुंबईहून माळव्यात गेला, तर तीन गावच्या दवाखान्यांतला संगणक त्याला तीन वेगवेगळी माणसं समजेल. एकाकडे एक्स-रे, दुसऱ्याकडे थुंकीचा अहवाल, तिसऱ्याकडे औषधाची यादी. माणूस एक आणि आजाराच्या वह्या तीन!

या तीन वह्या एकत्र आणायच्या, त्यातलं लिहिलेलं बरोबर ठेवायचं, आणि नको त्याच्या हाती पडू द्यायचं नाही, हे आता स्वतंत्र शिक्षणाचं काम झालं आहे. इंग्रजीत त्याला हेल्थ इन्फॉर्मेशन टेक्नॉलॉजी म्हणतात. आपण आरोग्य माहिती तंत्रज्ञान म्हणू.

मावशीच्या दोन फायली

या विषयाकडे मी वळले ती माझ्या मावशीमुळं. मावशीचं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर बैलहोंगलकडचं. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली. घरात कन्नड, माहेरचा फोन आला की मराठी, आणि देवापुढं दोन्ही. काही वर्षांपूर्वी माहेरी गेली असता तिला ताप आला. तिथल्या डॉक्टरांनी सल्फाची गोळी दिली आणि अंगभर पुरळ उठलं. डॉक्टरांनी केसपेपरवर लाल शाईनं ‘सल्फा चालत नाही’ असं लिहून दिलं. मावशीनं तो कागद पिशवीत ठेवला. पिशवी कुठं ठेवली हे मात्र ती विसरली.

दोन वर्षांनी सासरच्या बाजूला, दुसऱ्या एका दवाखान्यात तिला दाखल केलं. तिथल्या खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, “हेसरु येनु? याव ऊरु?” मावशीनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ‘कुठलं औषध सोसत नाही का?’ हे कुणी विचारलं नाही. अर्जात तो रकाना होता, पण तो रिकामा राहिला. पुन्हा सल्फा, पुन्हा पुरळ. या वेळी घसाही सुजला. वेळेवर सुई मिळाली म्हणून निभावलं.

दोष एकट्या दवाखान्याचा म्हणता येत नाही. त्या मुलीसमोर पन्नास माणसांची रांग होती. महाराष्ट्रातली फाईल कर्नाटकातल्या दवाखान्याला दिसायची सोय नव्हती. त्यातून एका फायलीवर मावशीचं नाव नवऱ्याच्या नावासकट पूर्ण लिहिलेलं, दुसरीवर नुसती इंग्रजी आद्याक्षरं. दोन फायली शेजारी ठेवल्या तरी त्या एकाच बाईच्या आहेत हे कुणाला ओळखू आलं नसतं.

मावशीची नात बी.सी.ए. झाली आहे. अज्जीच्या उशाशी ती तीन रात्री बसून होती. घरी आल्यावर तिनं मला फोन केला. “आत्या, इंदूरला आपली माणसं आहेत ना? तिथं दवाखान्याच्या कॉम्प्युटरचं शिक्षण मिळतं का बघ. मला बँकेचं सॉफ्टवेअर नको. हे शिकायचंय.”

म्हणजे नेमकं काय शिकायचं?

आपल्याकडं गैरसमज असा, की दवाखान्यातला संगणक म्हणजे बिलं छापायचं यंत्र. पण एखाद्या मोठ्या रुग्णालयात रोज किती प्रकारची माहिती तयार होते ते पाहा. नोंदणी, तपासणी, रक्ताचे अहवाल, एक्स-रे आणि स्कॅनची चित्रं, शस्त्रक्रियेचं टिपण, परिचारिकेनं दर चार तासांनी लिहिलेला ताप आणि रक्तदाब, औषधभांडाराचा हिशेब, विम्याची कागदपत्रं. प्रत्येक खात्याचं सॉफ्टवेअर वेगळ्या कंपनीचं असेल तर ती एकमेकांशी बोलतच नाहीत. त्यांना एका भाषेत बोलायला लावणं हा या शिक्षणाचा गाभा.

त्यासाठी काही जागतिक ‘भाषा’ ठरलेल्या आहेत. आजारांची नावं डॉक्टरागणिक बदलतात. कुणी ‘शुगर’ लिहितो, कुणी ‘डायबेटिस’, कुणी नुसतं ‘डीएम’. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी या वर्गीकरणात प्रत्येक आजाराला सांकेतिक क्रमांक असतो. त्याच्या दहाव्या आवृत्तीत प्रौढपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाला ई-११, उच्च रक्तदाबाला आय-१०. अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. २०२४ मध्ये तिच्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या पद्धतींतल्या व्याधींसाठीही जागा झाली. लक्षणांपासून शस्त्रक्रियेपर्यंतचा सगळा तपशील नोंदवण्यासाठी ‘स्नोमेड सीटी’ नावाचा प्रचंड शब्दकोश आहे. भारत २०१४ मध्ये त्याचा सदस्य झाला आणि पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र आपल्याकडं त्याचं काम पाहतं. स्कॅनच्या चित्रांसाठी ‘डायकॉम’, तर एका संगणकातून दुसऱ्यात नोंद पाठवण्यासाठी ‘एचएल-सेव्हन’ आणि त्याचं नवं रूप ‘फायर’ हे संकेत आहेत.

विद्यार्थ्याला याच्या जोडीला शरीरशास्त्राची तोंडओळख, वैद्यकीय परिभाषा, माहितीसाठ्याची रचना, संख्याशास्त्र, रुग्णालयाचं कामकाज, आणि गोपनीयतेचा कायदा शिकावा लागतो. थोडक्यात, अर्धा दवाखान्यात आणि अर्धा संगणकासमोर बसणारा माणूस तयार करायचा. डॉक्टर ‘याला आजारातलं काही कळत नाही’ म्हणतात आणि प्रोग्रामर ‘त्यांना मशीनमधलं काही कळत नाही’ म्हणतात. दोघांच्या मध्ये उभा राहणारा हा दुभाष्या. दुभाष्याचं काम किती अवघड आणि किती मोलाचं, हे सीमाभागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

इंदूरची तीन दारं

इंदूरला आरोग्यशिक्षणाची परंपरा जुनी आहे. किंग एडवर्ड मेडिकल स्कूलच्या वंशातलं महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९४८ चं, तर मूळ शाळा १८७८ ची. त्याला जोडलेलं महाराजा यशवंतराव रुग्णालय सगळं माळवा ‘एम. वाय.’ या दोन अक्षरांनीच ओळखतो. होळकरांच्या या नगरीत १९६४ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि १९८८ मध्ये त्याला देवी अहिल्येचं नाव मिळालं. आपल्या दानधर्माचा खर्च वेगळ्या ‘खासगी’तून करणाऱ्या आणि त्याचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईंचं नाव विद्यापीठाला असावं, आणि तिथं नोंदी सांभाळण्याचं शिक्षण घ्यावं, हा योग मला आवडला.

या शहरातून आमच्या विषयाकडं जायला तीन दारं आहेत.

पहिलं दार व्यवस्थापनाचं. देवी अहिल्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन संस्थेत, ज्याला सगळे ‘आयएमएस’ म्हणतात, रुग्णालय प्रशासनाचं एम.बी.ए. शिकवलं जातं. रुग्णालय चालतं कसं, रुग्ण दारातून आत आल्यापासून घरी जाईपर्यंत कोणकोणत्या टेबलांवरून जातो, नोंदी कुठं अडतात, हे इथं कळतं. मात्र प्रोग्रामिंग शिकायचं असेल तर ते हे दार नव्हे.

दुसरं दार संगणकाचं. त्याच विद्यापीठात संगणकशास्त्राचा विभाग आहे आणि डेटा सायन्सचा वेगळा विभागही आहे. बी.सी.ए. झालेल्या आमच्या मुलीला हे दार जवळचं. पण इथं आरोग्य हा विषय आपसूक मिळत नाही. प्रकल्प निवडताना तो मागून घ्यावा लागतो. बँकेच्या किंवा दुकानाच्या माहितीवर प्रकल्प करण्याऐवजी रुग्णालयाच्या माहितीवर केला, तर पदवी तीच पण वाट बदलते.

तिसरं दार अभियांत्रिकीचं. १९५२ पासूनच्या श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेत बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकवलं जातं. २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि शहराबाहेर सिमरोलला वसलेल्या आयआयटीमध्येही जीवशास्त्र आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा विभाग आहे. रुग्णाच्या अंगाला लावलेल्या यंत्रातून येणारी माहिती, स्कॅनची चित्रं वाचणारे प्रोग्राम, असं काम या दारानं आत गेल्यावर सापडतं. इथली प्रवेश परीक्षा मात्र कठीण.

कुंपणावरचा विषय

एक विषय तीन दारांत का विभागला गेला? याचं कारण आपल्या विद्यापीठांच्या रचनेत आहे. मध्य प्रदेशात २०११ मध्ये जबलपूरला स्वतंत्र वैद्यकीय विद्यापीठ झालं. महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं. कर्नाटकात १९९६ मध्ये बंगळूरला राजीव गांधी विद्यापीठ झालं, आणि अभियांत्रिकीसाठी १९९८ मध्ये आपल्या बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आलं. म्हणजे तिन्ही राज्यांत डॉक्टरांचं घर वेगळं आणि संगणकवाल्यांचं वेगळं. दोन घरांच्या कुंपणावर जे उगवतं त्याला पाणी कुणी घालायचं?

सीमेवरच्या गावाचं जे होतं तेच या विषयाचं झालं. दोघांनाही तो आपला वाटतो आणि कागदावर तो कुणाचाच नसतो. म्हणूनच विद्यार्थ्यानं स्वतः कुंपण ओलांडायची तयारी ठेवावी लागते. संगणकाच्या मुलानं रुग्णालयात जाऊन बसावं, परिचारिका झालेल्या मुलीनं माहितीसाठ्याचं शास्त्र शिकावं.

या विषयाची पूर्वपीठिका ‘मेडिकल रेकॉर्ड’ खात्यात आहे. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय आणि पुदुच्चेरीचं जिपमेर इथं केंद्र सरकारच्या आरोग्य माहिती खात्यातर्फे मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर आणि टेक्निशियन यांचे वर्ग चालत आले आहेत. आपल्या कर्नाटकात मणिपालला हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट हा पदवीचा विषय आहे. पण वर्षानुवर्षं या माणसांना समाजात ओळख नव्हती. ‘रेकॉर्ड रूममध्ये असतो’ म्हटलं की लोक तळघरातली धुळीनं माखलेली फायलींची खोली डोळ्यांपुढं आणायचे.

ती ओळख कायद्यानं २०२१ मध्ये दिली. संसदेनं आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपी, प्रयोगशाळा वगैरे व्यवसायांसोबत आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि आरोग्य इन्फॉर्मेटिक्स हा स्वतंत्र गट आहे. क्लिनिकल कोडर आणि मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनिस्ट यांची नावंसुद्धा त्यात आहेत. एप्रिल २०२५ मध्ये दहा व्यवसायांचे देशभर समान असे अभ्यासक्रम जाहीर झाले, त्यांत हेल्थ इन्फॉर्मेशन मॅनेजमेंट आहे. मुलाला घालताना ‘हा अभ्यासक्रम त्या आराखड्याप्रमाणे आहे का?’ एवढा एक प्रश्न पालकांनी विचारला तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

नुसती यंत्रं घेऊन भागत नाही

अमेरिकेनं २००९ मध्ये ‘हायटेक’ नावाचा कायदा करून दवाखान्यांच्या संगणकीकरणासाठी अब्जावधी डॉलर मोकळे केले. पण यंत्रं आली तरी ती चालवायला दोन्हीकडचं कळणारी माणसं पुरेशी नव्हती. म्हणून सरकारनं त्याच पैशातून नऊ विद्यापीठांना ३ कोटी २० लाख डॉलर दिले. कोलंबिया, ड्यूक, जॉन्स हॉपकिन्स, मिनेसोटा अशी नावं त्यांत होती. डॉक्टर, परिचारिका, संगणकतज्ज्ञ यांना वर्षभरात किंवा त्याहून कमी वेळात पुरं होणारं प्रमाणपत्र शिक्षण त्यांनी दिलं. कम्युनिटी कॉलेजांनी सहा महिन्यांचे वर्ग चालवले. यंत्राचा खर्च आणि माणसाच्या शिक्षणाचा खर्च एकाच अंदाजपत्रकात मांडावा, हा त्यातून घेण्यासारखा धडा.

आपल्याकडं संगणकीकरणाचा वेग आता कमी नाही. कोविडच्या काळात १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण सुरू झालं आणि ‘कोविन’वर २०० कोटींहून अधिक डोसांची नोंद झाली. आपल्यापैकी कितीजणांनी तेव्हा प्रमाणपत्रावरच्या नावातलं एक अक्षर दुरुस्त करायला खटपट केली असेल! क्षयरोग्यांची नोंद ‘निक्षय’ या संकेतस्थळावर २०१२ पासून होते आणि पोषणाचे पैसेही त्या नोंदीवरूनच खात्यात जमा होतात. ती रक्कम आधी महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. म्हणजे इथं नोंद चुकली तर रुग्णाच्या ताटातलं अन्न चुकतं. कुमारांच्या काळी नशिबावर सोडलेली गोष्ट आज एका नोंदीवर येऊन ठेपली आहे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला ‘आभा’ नावाचा १४ अंकी क्रमांक मिळतो. आपल्या नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडेच राहतात. आपण संमती दिली की दुसऱ्या ठिकाणचा डॉक्टर त्या पाहू शकतो. हा क्रमांक राज्याच्या सीमेवर अडत नाही. चंदगडची फाईल बैलहोंगलला दिसावी हे मावशीचं काम तत्त्वतः त्यातून होऊ शकतं. ‘तत्त्वतः’ हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण दोन्हीकडचा दवाखाना त्यात सामील हवा, दोन्हीकडं नोंद त्या क्रमांकाशी जोडलेली हवी, आणि सल्फाचा रकाना कुणीतरी भरलेला हवा. शेवटचं काम कुठलाही क्रमांक करत नाही. ते माणसानंच करायचं.

दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नामांकित रुग्णालयाला जवळजवळ दोन आठवडे कागद-पेनावर काम करावं लागलं. सोन्यानाण्याला कुलूप लावतो तसं आजाराच्या माहितीलाही लावावं लागतं. एखाद्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तिचा जुना आजार परक्याच्या तोंडून निघाला तर काय होतं, हे आपल्या समाजात सांगायची गरज नाही. २०२३ मध्ये देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. या शिक्षणात तो विषय शेवटचं प्रकरण म्हणून उरकणारी संस्था असेल, तर तिथं न गेलेलं बरं.

आपली मुलं कुठं पुढं आहेत?

इंदूरमध्येही भाषेचा हाच प्रश्न आहे. रुग्ण माळवी बोलतो, जुन्या घरांतली माणसं मराठी बोलतात, डॉक्टर हिंदीत समजावतात आणि इंग्रजीत लिहितात. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळला एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रसिद्ध झाली. त्यांत बऱ्याच इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवलेल्या होत्या. त्यावर टीकाही झाली आणि कौतुकही. मला त्यातून एवढंच दिसलं, की आजार एका भाषेत सांगितला जातो आणि दुसरीत लिहिला जातो, आणि मधल्या पुलावरून माहिती सांडते.

हा पूल आपली मुलं लहानपणापासून रोज ओलांडतात. घरात ‘ऊट आय्ता?’ आणि शाळेत ‘जेवलास का?’ मराठी बाई ‘पोटात कालवतंय’ म्हणते, कन्नड बाई ‘होट्टे नोवु’ म्हणते. ही दोन वाक्यं एकाच सांकेतिक क्रमांकाखाली टाकायची नाहीत, हे ज्याला दोन्ही कळतात त्यालाच कळतं. नावांचंही तसंच. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कर्नाटकाच्या दक्षिणेकडं गावाचं आणि वडिलांचं आद्याक्षर पुढं आणि आडनावच नाही. एकाच रकान्यात ही दोन्ही बसवणारा अर्ज कसा आखायचा, हा नोंदणीच्या खिडकीतला रोजचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दिल्लीत बसून सुचत नाही.

नोकरीचं खरं-खोटं

आता रोखठोक बोलू. वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती ‘मेडिकल कोडिंग शिका, परदेशी पगार मिळवा’ असं सांगतात. अमेरिकेतल्या विम्याच्या कागदांना क्रमांक लावून देण्याचं काम भारतात मोठ्या प्रमाणावर येतं हे खरं. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथं आयसीडीची दहावी आवृत्ती लागू झाली, तेव्हा क्रमांकांची संख्या कितीतरी वाढली आणि कामही वाढलं. पण आता त्यातलं सोपं काम संगणक स्वतःच करू लागला आहे. तीन महिन्यांच्या वर्गावर सगळं आयुष्य उभं करू नये. ज्याला आजार समजतो, नोंदीतली चूक पकडता येते आणि डॉक्टरला नम्रपणे पण ठामपणे विचारता येतं, त्याचं काम टिकेल.

दुसरी भीती डेटा एन्ट्रीची. पदवी मोठी, काम मात्र दिवसभर आकडे भरायचं, असं होऊ शकतं. पहिलं वर्ष तसं गेलं तर वाईट वाटून घेऊ नये. पाचव्या वर्षी तेच असेल तर जागा बदलावी.

इंदूरला राहायचं कसं, ही आई-वडिलांची काळजी असते. पुण्याहून रेल्वे आहे. गावात मराठी वस्ती जुनी आणि आपुलकीची. महाराष्ट्र साहित्य सभा आहे, मराठी नाटकं आणणारा सानंद न्यास आहे. सकाळी पोहे-जिलबी आणि रात्री सराफ्यातली खाऊगल्ली यांची सवय लागली की मुलं सुट्टीतसुद्धा घरी यायला कुरकुरतात, ही मात्र तक्रार ऐकायची तयारी ठेवा!

चौकट : प्रवेश घेण्यापूर्वी हे विचारा

१. विद्यापीठाला मान्यता आहे ना? पदवी विद्यापीठाची की नुसतं संस्थेचं प्रमाणपत्र?

२. प्रत्यक्ष रुग्णालयात किती आठवडे काम करायला मिळेल? कुठल्या रुग्णालयात?

३. वैद्यकीय परिभाषा आणि शरीरशास्त्र शिकवायला डॉक्टर येतात का?

४. आयसीडी, स्नोमेड आणि एचएल-सेव्हन हे विषय अभ्यासक्रमात लेखी आहेत का?

५. गोपनीयता आणि सुरक्षा यांचा स्वतंत्र पेपर आहे का?

६. मागच्या दोन वर्षांतले विद्यार्थी आज काय करतात? त्यांच्यापैकी एकाशी बोलता येईल का?

सहाव्या प्रश्नावर जी संस्था उत्तर टाळते, तिथून चहा पिऊन परत यावं.

जाता जाता

आमच्या मुलीनं अजून अर्ज भरलेला नाही. वडिलांना इंदूर लांब वाटतं, अज्जीला तर धारवाडसुद्धा लांब वाटतं. मणिपालची माहितीही तिनं मागवली आहे. निर्णय घरच्यांनी मिळून घ्यायचा आहे आणि ते बरोबरच आहे.

पण एक काम तिनं केलं. अज्जीच्या जुन्या पिशव्या शोधून सगळे केसपेपर काढले, तारखेप्रमाणे लावले, आणि एका जाड कागदावर तक्ता केला. डाव्या बाजूला मराठी, उजवीकडं कन्नड, मध्ये इंग्रजीत औषधांची नावं. वर आभा क्रमांक, नाव लिहायच्या तिन्ही पद्धती, रक्तगट, आणि लाल शाईत एक ओळ, ‘सल्फा चालत नाही’. त्याच्या दोन प्रती काढल्या. एक देव्हाऱ्याच्या खणात ठेवली, दुसरी अज्जीच्या पिशवीत शिवून टाकली, म्हणजे विसरायला नको.

वाचकहो, तुमच्या घरातल्या ज्येष्ठांसाठी असा एक कागद या रविवारी करून ठेवा. त्याला कुठल्या विद्यापीठाची पदवी लागत नाही. दोन भाषा येणारं एक नातवंड घरात असलं की पुरे.